तिरळे उंदीर

आमच्या घरात किस्से रद्दीसारखे साठतात. रद्दी निदान महिन्याने उचलली तरी जाते, किस्से जात नाहीत. पाहुणा आला की बाबा एखादा जुना काढतात, आत्या मध्येच दुरुस्ती सांगते, आणि मी पलंगाच्या कोपऱ्यात बसून ऐकते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. लिहायला जमतं.

सगळे किस्से सुमनआत्याचे आहेत. ती बाबांची धाकटी बहीण. लालबागच्या चाळीत आमच्याबरोबरच राहते आणि दोन गल्ल्या पलीकडे बाळकाकांच्या मूर्तींच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढायचं काम. ते काम कारखान्यात कोणालाही देत नाहीत.

आत्याला हाडांचा एक दुर्मिळ आजार आहे. त्यात हाडं जन्मभर जाड आणि टणक होत राहतात. त्याचं नाव स्क्लेरोस्टिओसिस. चाळीत कोणीच ते उच्चारायच्या भानगडीत पडत नाही. सगळे म्हणतात, "सुमनचं ते हाडांचं."

*

आजार सापडला तो जिन्यामुळे!

आत्या पाण्याची बादली घेऊन वर येताना घसरली आणि वरच्या पायरीपासून खालपर्यंत गेली. आत्या चांगली उंच आणि वजनदार आहे. आवाज असा झाला की तिन्ही मजल्यांची माणसं गॅलरीत आली. आत्या उठून बसली, पदर झटकला आणि म्हणाली, "बादली बघा कुणीतरी." तिला काही झालं नव्हतं. खालच्या पायरीचा कोपरा मात्र उडाला होता.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून बाबा तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. एक्स-रेवाल्याने फोटो काढला, बघितला, पुन्हा काढला. सगळं पांढरंफेक. मग त्याने मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

तेवढ्यात शलाका मॅडम आल्या. त्या तेव्हा अगदी नवीन डॉक्टर होत्या. त्यांनी फिल्म उजेडात धरली. मग आत्याचा रुंद जबडा बघितला. मग तिच्या उजव्या हाताची जन्मापासून जोडलेली दोन बोटं बघितली आणि म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे. ह्यांना ॲडमिट करा."

पुढचा प्रश्न होता, "ह्यांचे आईवडील नात्यातले होते का?"

"हो तर!" बाबा अभिमानाने म्हणाले. "मामे-आते भावंडं. घरातलंच स्थळ."

मॅडमनी समजावलं की दोघांच्याही रक्तात एकच दोष लपलेला होता, तो आत्यात एकत्र आला. आजी शेजारीच बसली होती. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या मायेराचो दोष?"

"निम्मा आजी," मॅडम म्हणाल्या. "निम्मा सासरचा."

आजी घरी येईपर्यंत खूश होती.

*

खरं तर आजीचं स्वतःचं निदान खूप आधीच झालेलं होतं.

आत्या तिसरीत असताना एका सकाळी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलेना. डोळा मिटेना, गुळणी केली की पाणी ओठाच्या कडेने गळायचं. तिच्या उशाशी खिडकी होती. आजी म्हणाली, "चेडवाक वारो लागलो!" आजोबांनी त्याच दिवशी खिडकीवर लाकडी फळी ठोकली.

चेहरा काही परत आला नाही. काही वर्षांनी डावा कान गेला. मग उजव्याला कमी ऐकू यायला लागलं आणि कानात घालायचं मशीन आलं. प्रत्येक वेळी आजी आधी फळी तपासायची, कुठे फट राहिली का म्हणून.

शलाका मॅडमनी तिला समजेल असं सांगितलं. कवटीत छोटी छोटी भोकं असतात, त्यांतून नसा जातात. "घराला आतून दरवर्षी प्लास्टर करत राहिलात आजी, तर भिंतीतल्या वायरचं काय होईल?"

"चिमटात."

"तसंच झालंय. चेहऱ्याची नस चिमटली. कानाचीही. वाऱ्याचा काही संबंध नाही."

आजीने सगळं नीट ऐकून घेतलं. "बरां," ती म्हणाली. "पण फळी काढू नकात!"

फळी अजून आहे. आमच्या खोलीत त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते.

*

दर गुरुवारी ओपीडी असते. मी आत्याचा कान म्हणून जाते. आत्या ओठांवरून बरंच ओळखते, पण डॉक्टर मास्क लावतात. मग डॉक्टर जे बोलतील ते मी आत्यासमोर उभं राहून मोठ्याने, सावकाश म्हणायचं. हे काम माझ्याकडे का आलं हे मला अजून कळलेलं नाही. वर्गात हजेरीला "यस मॅडम" म्हणताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही.

पहिल्याच गुरुवारी एका नवीन डॉक्टरने विचारलं, "पाळी नियमित येते का?"

मी आत्याच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं.

"मोठ्याने बोल गो बाय!"

मी मोठ्याने विचारलं. बाकावर बसलेले सगळे पुरुष एकदम वर पंख्याकडे बघायला लागले.

आत्याने त्याहून मोठ्याने उत्तर दिलं. तारखेसकट!

*

दुर्मिळ आजाराचे पेशंट डॉक्टरांच्या परीक्षेला 'केस' म्हणून बोलावतात. परीक्षा देणाऱ्याने तपासायचं, प्रश्न विचारायचे आणि आजार ओळखायचा. पेशंटने फक्त आपले त्रास सांगायचे. आजाराचं नाव अजिबात सांगायचं नाही.

आत्याला बोलावणं आलं तेव्हा तिने लग्नाला नेसते ती साडी नेसली. मी कान म्हणून बरोबर. शलाका मॅडमनी तिला दोनदा बजावलं, "आत्या, नाव सांगायचं नाही हं." त्यासुद्धा आता तिला आत्याच म्हणतात.

पहिला मुलगा आला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि गुडघा तपासायचा हातोडा त्याने उलटा धरला होता. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "जेवला नसेल गो सकाळपासून." मग त्याला जवळ बोलावून तिने कानात काहीतरी सांगितलं.

दुसरी मुलगी आली. तिला आत्याने कानात सांगितलं. तिसऱ्यालाही. चौथ्याला तर तो खुर्चीत बसायच्या आधीच.

शेवटी परीक्षक आले. चष्मा काढून आत्याकडे बघत म्हणाले, "मावशी, हा आजार मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. ह्या चौघांनी एका मिनिटात कसा ओळखला?"

मी ते आत्याला मोठ्याने सांगितलं.

आत्या म्हणाली, "हुशार आहेत हो पोरं!"

*

आता उंदरांचं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये कारखान्यात नेहमीसारखी घाई होती. मातीच्या जड मूर्ती ओळीने पाटांवर मांडलेल्या. गणपतीचे डोळे आत्या समोर स्टुलावर बसून, मान सरळ ठेवून काढते. उंदीर असतो खाली, गणपतीच्या पायाशी. त्याच्यासाठी जमिनीवर बसून मान पार खाली घालावी लागते.

एके दिवशी बाळकाका कंबरेवर हात ठेवून ओळीसमोर उभे राहिले. "सुमन, उंदरांना काय पाजलंस?"

गणपती सगळे सुरेख होते. उंदीर मात्र तिरळे! एकूणएक उंदीर स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत होता.

"सरळ काढलेत मी," आत्या चिडून म्हणाली. "तुमचा चष्मा बदला." आणि बघायला म्हणून ती खाली वाकली.

वाकल्या वाकल्या म्हणाली, "थांबा. लाइट गेली."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. लाइट चालूच होती.

मग एकेक बाहेर आलं. बरेच दिवस असं होत होतं. वाकलं की डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि थोड्या वेळाने जायचा. डोकंही दुखायचं. आत्याला वाटायचं कारखान्याचं व्होल्टेज कमी आहे. हात सवयीने चालायचा, म्हणून तिने काम थांबवलं नाही.

बाळकाकांनी कारखान्यातल्या नामदेवदादाकडून उंदीर पुसून सगळे नीट करून घेतले. एकच राहिला. काळाचौकीचं एक कुटुंब आपली मूर्ती बघायला आलं होतं. त्यांच्या छोट्या मुलीला तोच उंदीर आवडला. "ह्याला हात लावायचा नाही!" असं म्हणून ती पाटासमोर बसूनच राहिली. तो तसाच तिच्या घरी गेला.

*

गुरुवारी बाबांनी शलाका मॅडमना मोबाइलवर उंदरांचे फोटो दाखवले. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. त्या हसल्या नाहीत. लगेच आत्याच्या डोळ्यांत लाइट टाकून तपासायला पाठवलं. डोळ्यांच्या मागच्या नसा सुजलेल्या होत्या.

"डोक्यात रक्त वर येतंय," मॅडम म्हणाल्या, "पण खाली उतरणाऱ्या शिरा कवटीच्या ज्या भोकांतून बाहेर पडतात, ती भोकं अरुंद झालीत. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, असं समजा. आत दाब वाढतोय."

"मग मोरी साफ करा ना!" आई म्हणाली.

"ती भोकं तळाशी, हाडाच्या आत आहेत. तिथे हात घालता येत नाही. वरच्या बाजूचं हाड काढून आत जागा करायची, एवढंच करता येतं. ते लवकर करायला हवं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आत्याला सांग. नाही केलं तर डोळे जातील. जीवालाही धोका आहे."

मी आत्यासमोर उभी राहिले. हळूच सांगायला लागले.

"काय म्हणतायत? मोठ्याने बोल गो."

मी मोठ्याने सांगितलं. सगळं बाक ऐकत होतं. ह्या वेळी पंख्याकडे कोणी बघितलं नाही.

 आत्याने विचारलं, "डोळे कधी जाणार? गणपतीच्या आधी की नंतर?"

मॅडमनी ऑपरेशनची तारीख लिहायला घेतली.

आत्याचं म्हणणं पक्कं होतं. ऑपरेशन विसर्जनानंतर. आधी ऑर्डरी पुऱ्या होऊ देत. बाबा ओरडून दमले, आई रडून दमली. शेवटी बाळकाका स्वतः घरी आले. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "सुमन, डोळे गेले तर पुढच्या वर्षी काय नुसत्या सोंडा रंगवणार तू?"

"आणि यंदाचे डोळे कोण काढणार?"

"मी आहे ना."

आत्याने त्यांच्या हाताकडे बघितलं. "तुम्ही नको. तुमचा हात थरथरतो. नामदेवला द्या."

आई लगेच आत जाऊन आत्याची पिशवी भरायला लागली.

*

ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांनी आम्हाला आधी कल्पना दिली. "हाड फार टणक आहे. ड्रिलची बिटं भराभर झिजतात. वेळ लागेल, बाहेर घाबरून जाऊ नका."

बाबा चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. त्यांनी एवढंच ऐकलं, की हॉस्पिटलात बिटं कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी ते सरांच्या टेबलासमोर डबा घेऊन उभे! आत तेलाच्या कागदात गुंडाळलेली बिटं, साइजप्रमाणे लावलेली. प्रत्येकाला स्वतः धार केलेली. "कार्बाइडची आहेत सर. रेल्वेच्या रुळाला भोक पाडतील."

आईने मान खाली घातली. मला वाटलं, आता सर आपल्याला बाहेर काढणार.

सरांनी एक बीट उचलून उजेडात फिरवून बघितलं. "धार छान लावलीत. पण मला रुळाला भोक पाडायचं नाहीये. हाडाच्या खाली लगेच मेंदू आहे."

बाबांनी बीट परत हातात घेतलं.

"मग जास्त आत जाऊ नये म्हणून स्टॉपर लावून देतो!"

*

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते पार संध्याकाळी संपलं. सर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "झालं. जागा केली आहे. डोळ्यांचं आत्ताच सांगता येणार नाही. सूज उतरायला हवी."

दोन दिवसांनी मी आत्याला भेटायला वॉर्डच्या दारात उभी होते. तेवढ्यात ड्यूटी बदलली. नवीन सिस्टर आल्या. त्यांनी आत्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, हात वर करायला लावले आणि खुणेने सांगितलं, "आता हसा बघू, मावशी."

आत्या हसली. अर्थातच अर्धी.

सिस्टरच्या हातातला टॉर्च खाली पडला. "डॉक्टर! चेहरा वाकडा झालाय!"

दोन डॉक्टर धावत आले. एकाने ट्रॉली मागवली, दुसरा सीटी स्कॅनला फोन लावायला लागला. आत्याच्या कानात मशीन नव्हतं, त्यामुळे तिला त्यातलं काही कळलं नाही. तिला वाटलं, आपलं हसणं ह्यांना कमी पडतंय. म्हणून ती आणखी जोरात हसली. ती जसजशी हसायला लागली तसतसे ते जास्तच घाबरले.

मला आत जायची परवानगी नव्हती. मी दारातूनच ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी सांगितलेलं नसताना.

"तिचं हसू तसंच आहे! तिसरीपासून!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. मी दाराआड गेले.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं होतं: 'हसू जुनं आहे.'

*

टाके काढायला गेलो तेव्हा मोठ्या सरांनी बाबांना एक छोटी बाटली दिली. आत ऑपरेशनमध्ये वापरलेलं, धुऊन स्वच्छ केलेलं एक बीट होतं. गोल डोक्याचं. त्याचे दात पार गेले होते, गोटीसारखं गुळगुळीत. "अशी बरीच गेली," सर म्हणाले. "हे तुमच्यासाठी ठेवलं."

बाबा ती बाटली घरी न आणता थेट वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथे सगळ्यांनी मशीन बंद करून ते बीट हातात घेऊन बघितलं. एक जुने फोरमन आहेत. त्यांचं सगळं आयुष्य लोखंड कापण्यात गेलं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"असं झिजलेलं बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "मटेरियल कुठलं होतं?"

बाबा म्हणाले, "आमची सुमी."

*

डावा कान आला नाही. चेहराही आला नाही. ते येणार नाहीत हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. डोळ्यांचा तक्ता आत्या वाचायची. पण तक्ता भिंतीवर असतो, त्याच्यासाठी वाकावं लागत नाही. घरात खाली काही पडलं की आई ते आत्याच्या आधी उचलायची. आत्याने कोणाला वाकून दाखवलं नाही आणि आम्हीही कोणी विचारलं नाही.

यंदा कारखाना सुरू झाला. आत्या डोक्याला रुमाल बांधून कामावर गेली. स्टुलावर बसून गणपतीचे डोळे काढायची. उंदीर बाळकाकांनी न बोलता नामदेवदादाकडे दिले होते.

एका रविवारी काळाचौकीचं ते कुटुंब आलं. छोटी मुलगी पुढे, आईवडील मागे. त्यांची मूर्ती तयार होती, उंदरासकट. मुलीने खाली बसून बघितलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"हा आमचा नाहीये. आमचा नाकाकडे बघतो."

तिचे वडील ओशाळून म्हणाले, "गेल्या वर्षीपासून तिच्या डोक्यात तेच आहे. जमेल का हो?"

बाळकाकांनी नामदेवदादाकडे बघितलं. तेवढ्यात आत्या स्टुलावरून उठली. ओठांवरून तिला सगळं कळलं होतं. "तो मी काढला होता," ती म्हणाली. "मीच काढते."

तिने कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. ब्रश त्या जोडलेल्या दोन बोटांच्या खाचेत बसवला. पाटासमोर मांडी घातली आणि मान खाली घातली, पार उंदराच्या नाकापर्यंत.

बाबा डबा द्यायला आले होते, ते दारातच थांबले. नामदेवदादाने रेडिओ बंद केला. मी बल्बकडे बघितलं.

आत्याने ओल्या फडक्याने जुने डोळे पुसले आणि नवे काढले. उंदीर सरळ समोर बघत होता.

"नाही," मुलगी म्हणाली.

आत्याने पुसलं. पुन्हा काढले. पुन्हा सरळ!

"नाही गं!"

तिसऱ्यांदा आत्याने श्वास रोखून, जीभ दातांत धरून काढले. उंदीर इतका सरळ बघायला लागला की मुलीने पाय आपटला.

"सुमन, राहू दे," बाळकाका म्हणाले. ते हसायलाच लागले होते. "नाही जमत तुला आता. उठ."

आत्याला ते ऐकू गेलं नाही. तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि मान तशीच खाली ठेवून म्हणाली, "थांब बाळा, जमेल. सरळच येतायत मेले!"